जुनी पॉइंट टू-टू शिकारी रायफल विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नागपुरातल्या एका परिचित कुटुंबाकडे, सध्याच्या मालकाच्या वडिलांनी १९६० च्या सुमारास घेतलेली, ब्रनो बनावटीची पॉइंट टू-टू शिकारी रायफल विक्रीला आहे, आपल्याकडे परवाना आहे, रायफल दिसायला देखणी आहे, आणि पैसे मोजण्यापूर्वी ती कशी पारखावी हे आपल्याला हवे आहे. मी गेली बावीस वर्षे नागपुरात नेमबाजीसाठी याच बोअरच्या, म्हणजे नळीचा आतला व्यास सुमारे ०.२२ इंच असलेल्या, रायफली वापरतो. त्यांपैकी दोन मी जुन्या घेतल्या, पहिली फसून आणि दुसरी पारखून, त्यामुळे खालचे बरेचसे शहाणपण पहिलीने शिकवलेले आहे.

रायफल हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावेत. ‘वडिलांची रायफल’ या दोन शब्दांतच निम्मी अडचण दडलेली असते. वडील हयात नसतील आणि मुलाच्या परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल, तर ते घरात ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा व्हायला हवे. तेव्हा ही रायफल आज नेमकी कुणाच्या परवान्यावर आहे आणि प्रत्यक्षात कुठे ठेवलेली आहे, हा पहिला प्रश्न विचारावा, आणि उत्तर देताना मालक अडखळला तर विषय तिथेच थांबवावा. दोन परवानाधारक व्यक्तींमध्ये थेट व्यवहार होणार असेल, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. नागपूर शहराच्या हद्दीत परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असते. आपण शहरात आणि विक्रेता, समजा, काटोल किंवा उमरेडकडचा असेल, तर दोन्हीकडे विचारपूस करून ठेवलेली बरी. आपल्याकडे आधीच दोन शस्त्रे असतील तर तिसऱ्याचा विचारच सोडावा, कारण २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकासाठी तीनची मर्यादा दोनवर आणली आहे. सवलतीच्या वर्गात मोडणाऱ्या नेमबाजांची गोष्ट निराळी.

त्यानंतर परवान्यावरचा क्रमांक आणि रायफलीवर कोरलेला क्रमांक एकेक अंक जुळवून पाहावा. मी हे भिंग घेऊन करतो, कारण जुन्या परवान्यांवर हाताने लिहिलेला ३ आणि ८, किंवा १ आणि ७, यांचा गोंधळ फार सापडतो आणि तो गोंधळ निस्तरण्याचे हेलपाटे शेवटी घेणाऱ्यालाच पडतात. बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागावर) क्रमांक असेल तर तोही पाहावा. तो वेगळा निघाला तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि मग पुढची प्रत्येक तपासणी दुप्पट बारकाईने करावी. बनवणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा पॉलिशखाली पुसट झालेला दिसला, तर रायफल कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत यावे, कारण अशा खुणा नसलेले शस्त्र विकणे किंवा दुसऱ्याला देणे कलम ८ ने मना आहे. नळीची लांबीही मोजावी. पूर्वी जीपमधून फिरताना सोयीचे म्हणून काहींनी नळ्या कापून घेतल्या आहेत. नळी आखूड करणे कायद्याने मना आहे, आणि करवतीने कापलेल्या तोंडातून गोळी सरळ जाण्याची आशाही करू नये. ब्रनो मॉडेल टूची मूळ नळी साधारण २५ इंचांची असते. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी घातलेली असल्यामुळे ही रायफल आपण रेंजवरच वापरणार, असे मी गृहीत धरतो, आणि पुढचे सगळे त्या दृष्टीने लिहितो.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या बोअरची रायफल फार चालवली की नळी झिजते, म्हणून लोक पहिला प्रश्न ‘किती गोळ्या झाडल्या?’ असा विचारतात. पॉइंट टू-टूला हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. हिची गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, नेहमीच्या काडतुसाचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर आणि दाबही बेताचा. अशा गोळ्या हजारोंनी झाडल्या तरी चांगल्या पोलादाच्या नळीला फारसे काही होत नाही. या रायफली मरतात त्या गंजाने, चुकीच्या बाजूने घातलेल्या सफाईच्या गजाने आणि रिकाम्या चेंबरवर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसते) गंमत म्हणून ओढलेल्या चापाने. म्हणून मी नळीचा पहिला इंच, म्हणजे चेंबरची बाजू, आणि शेवटचा इंच, म्हणजे तोंड, यांना जितका वेळ देतो, तितका उरलेल्या सगळ्या रायफलीला मिळून देत नाही.

माझी पहिली फसगत पहिल्याच इंचात झाली होती. बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून मी एक रायफल घेतली. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर, इतके गर्द आणि चकचकीत, की नळीत स्वतःचा चेहरा दिसावा. रेंजवर नेली तर पाचांतले एक काडतूस फुसके निघे. मी काडतुसांना दोष दिला, ब्रँड बदलला, पिनची स्प्रिंग बदलून घेतली, तरी तेच. शेवटी अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक शेजारी, ज्यांचा उभा जन्म मिलिंग मशीन आणि मायक्रोमीटर यांत गेला, त्यांनी बोल्ट बाहेर काढून चेंबरच्या तोंडावर बॅटरीचा प्रकाश तिरका पाडला आणि मला म्हणाले, “साहेब, इथे पाहा, खाच पडली आहे.” घड्याळाच्या बाराच्या जागी, तांदळाच्या कणीएवढा एक खड्डा, आणि त्या खड्ड्यातून विस्थापित झालेले पोलाद चेंबरच्या आत बारीक गाठीसारखे आलेले. हे कसे होते ते समजून घेतले तर पुढे कुणी आपल्याला फसवू शकणार नाही. या काडतुसाला मध्यभागी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत, चोहोबाजूंनी भरलेला असतो, आणि पिन ती कड चेंबरच्या काठावर चेचून पेटवते. काडतूस नसताना चाप ओढला तर काही बनावटींमध्ये पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. वर्षानुवर्षे दिवाणखान्यात पाहुण्यांना ‘कट्’ असा आवाज ऐकवला की ऐरणीचे काम करणारा तो काठ खचतो, पिनचे टोकही बोथट होते, आणि काडतुसाची कड नीट चेचली जात नाही. माझी खाच परवानाधारक कारागिराने चेंबर-आयर्न नावाच्या साध्या हत्याराने दाबून पूर्ववत केली. पण शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो आणि नागपुरात तसे हात मोजकेच आहेत, हे लक्षात ठेवून किंमत करावी. पिन नवी लागली तर ब्रनोची मिळेपर्यंत थांबावे लागते, किंवा ती घडवून घ्यावी लागते.

चेंबरची आणखी एक खोड सहज नजरेस येत नाही. पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस १८५७ चे आणि आज आपण वापरतो ते लाँग रायफल नावाचे काडतूस १८८७ चे. दोन्हींचा व्यास आणि कड सारखी असल्याने आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये खुशाल बसते. शॉर्टची पुंगळी (काडतुसाचे धातूचे आवरण) १०.७ मिलिमीटर आणि लाँग रायफलची १५.६, त्यामुळे शॉर्ट पुष्कळ वापरले गेले असेल तर त्याच्या तोंडापुढच्या मोकळ्या जागेत चेंबर कोरले जाऊन एक खरखरीत कडे तयार होते. मग लाँग रायफलची पुंगळी फुटताना त्या कड्यात फुगून अडकते आणि बाहेर निघता निघत नाही. शिकारीच्या काळात ससे-तितरांसाठी स्वस्त शॉर्ट वापरण्याची पद्धत होती, म्हणून हा दोष घरगुती रायफलींमध्ये मी अपेक्षित धरूनच चालतो.

नळी पाहताना आधी मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करावी, मालकाने ‘रिकामीच आहे’ असे दहादा सांगितले तरी करावी, आणि मग बोल्ट पूर्ण बाहेर काढावा. नुकतेच तेल लावलेली नळी आरशासारखी चमकते आणि शिशाने भरलेली नळी गुळगुळीत भासते. दोन्हीही सोंगे आहेत. म्हणून मालकाच्या परवानगीने चेंबरच्या बाजूने गज घालून दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवाव्यात आणि त्यानंतरच, तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर प्रकाश पाडून, आत पाहावे. आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा) स्वच्छ, कडा धारदार आणि वळण अखंड दिसले पाहिजे. हल्ली मोबाइलला जोडण्याचा साडेपाच मिलिमीटरपेक्षा बारीक कॅमेरा मिळतो, तो असेल तर फारच उत्तम. चिंधी फिरवताना हाताला लागणारा विरोध मात्र कोणताही कॅमेरा दाखवत नाही. तो शेवटपर्यंत सारखा असावा. मध्येच एका जागी गज एकदम सैल झाला, तर तिथे नळी आतून फुगली आहे असे समजावे. एखाद्या फुसक्या काडतुसाची गोळी नळीत अडकली असताना मागून दुसरी झाडली की असे कडे पडते. आतून ते काळ्या वर्तुळासारखे दिसते, आणि बाहेरून नळीवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडून नळी हळूहळू फिरवली, की त्या जागी प्रतिबिंबाची रेघ वाकडी होते. फुगलेली नळी मी घेत नाही. काही लोक ‘तरी नेम चांगला लागतो’ म्हणतात, आणि क्वचित ते खरेही असते, पण नळी बदलण्याचा खर्च रायफलीच्या किमतीइतका जाऊ शकतो.

गंजाचे बारीक खड्डे ही दुसरी गोष्ट. १९२० च्या दशकाअखेरपर्यंत काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट सर्रास असे. त्याचे मीठ नळीत उरून हवेतला ओलावा ओढत असे, आणि त्याच दिवशी नळी धुतली नाही तर आटे खाऊन टाकी. म्हणून दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बीएसए किंवा विंचेस्टर बनावटीच्या रायफलींच्या नळ्यांत हे व्रण जास्त आढळतात. आपली रायफल १९६० च्या सुमाराची असेल तर मसाल्यापेक्षा नागपूरच्या घरांची भीती अधिक आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की चार महिने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अहोरात्र चालतो, आणि त्याच खोलीत भिंतीवर, कापडी किंवा चामडी खोळीत, रायफल टांगलेली असते. बाहेर कोरडा जाळ असताना खोळीच्या आत मात्र दमट हवा कोंडलेली. त्यामुळे मी मालकाला दस्ता सोडवून दाखवण्याची विनंती करतो. दोन स्क्रूंचे काम असते. दस्त्याआड लपलेली नळीची खालची बाजू हा रायफलीच्या सांभाळाचा खरा दाखला असतो. तिथे तपकिरी पातळ छटा असेल तर चालते. नखाला लागतील असे खड्डे असतील तर वरचे ब्लूइंग नंतर केलेले आहे असे खुशाल समजावे. निवडणुकांच्या वेळी जमा केलेली शस्त्रे ठाण्याच्या मालखान्यात एकमेकांना टेकून महिनोन्‌महिने पडतात, तेव्हा बाहेरून दोन-चार ठेचा असणे मात्र मी मनावर घेत नाही.

शेवटचा इंच, म्हणजे नळीचे तोंड. गोळी ज्या क्षणी बाहेर पडते त्या क्षणी तिच्या बुडाला चोहोकडून सारखी कड मिळाली नाही, तर मागून सुटणारा वायू तिला एका बाजूला ढकलतो. ब्रनोसारख्या बोल्ट रायफलीत गज मागून घालता येतो, तरी आळसाने किंवा अज्ञानाने तो तोंडाकडून घातला जातो, आणि लोखंडी गज वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासून तोंड लंबगोल करतो. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या काठावरून हलकेच गोल फिरवावी; कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे काठाला टोचरा आहे. भिंगातून आट्यांचे टोक सगळीकडे सारखे तीक्ष्ण दिसते का तेही पाहावे. हा दोष असला तरी सौदा मोडण्याचे कारण नाही, कारण जाणकार कारागीर तोंड पुन्हा घडवून देऊ शकतो. फक्त ते काम परवानाधारकाकडून, लांबी न घटवता आणि कागदावर व्हावे.

बोल्ट बंद करून त्याचा दांडा पुढे-मागे हलवून पाहावा. किंचित हालचाल असते, खडखड असू नये. पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार बोटाने पाहावी. चापासाठी डमी, म्हणजे मसाला नसलेले नकली, काडतूस घालून तीन गोष्टी कराव्यात : बोल्ट जोरात बंद करावा, दस्त्याचे बूड रबरी चटईवर ठाम आपटावे, आणि सेफ्टी लावून चाप ओढून मग सेफ्टी काढावी. या तिन्ही वेळी पिन सुटता कामा नये. सुटली, तर कुणीतरी चाप ‘हलका’ करण्यासाठी आतले खटके घासलेले आहेत. अशी रायफल रेंजवर शेजारच्या माणसाच्या जिवावर उठते.

लाकडाबद्दल थोडक्यात. मनगटाजवळचा भाग, जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तिथे आणि धातू जिथे लाकडात बसतो त्या मागच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे का ते पाहावे. आपल्या उन्हाळ्यात लाकूड आटते आणि तडा तिथूनच सुरू होतो. तोंड वर करून ठेवलेल्या रायफलींचे तेल ओघळून हाच भाग काळा आणि मऊ पडतो. नख रुतत असेल तर ते लाकूड कामातून गेले.

ठिकठाक वाटली की रेंज. परवाना मालकाचा असल्याने झाडणारा मालकच असावा. आपण शेजारी बसून पाहावे, त्यातही पुष्कळ कळते. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, ५० मीटरवर, पाच-पाच गोळ्यांचे निदान चार गट, दोन वेगवेगळ्या काडतुसांनी घ्यायला सांगावे. तेल पुसलेल्या नळीतून पहिल्या पाच-सात गोळ्या इकडेतिकडे जातात, त्या मोजू नयेत. साध्या साइटवर आणि वयस्क मालकाच्या हातून चार सेंटिमीटरचा गट पडला तरी मी समाधान मानतो. गोळ्यांचा गट लहान पण नेहमी एकीकडे पडत असेल तर तो साइटचा प्रश्न आहे आणि सुटण्यासारखा आहे. गट दर वेळी जागा बदलत असेल तर दस्त्याचे स्क्रू, लाकडाची चीर किंवा तोंड यांकडे परत यावे. काडतूस फुसके निघाले तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, मग तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा घालावे. या वेळी पेटले तर तिथे मसालाच नव्हता. वारंवार तसेच होत असेल तर माझ्या पहिल्या रायफलीची गोष्ट आठवावी.

झाडलेल्या पुंगळ्या खिशात घालून घरी आणाव्यात. पिनची खूण कडेवर नीट, एकसारख्या खोलीची आणि एकाच जागी असावी. कडेच्या वर पुंगळी फुगलेली किंवा चिरलेली असेल तर बोल्ट आणि चेंबर यांच्यातले अंतर वाढलेले असू शकते, आणि अशी रायफल कारागिराने मापल्याशिवाय पुन्हा झाडू नये. पुंगळीच्या अंगावर लांबीला समांतर ओरखडे चेंबरच्या गंजाची चहाडी करतात, गोल कडे शॉर्टच्या वापराची.

किमतीचे म्हणाल, तर १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून आपल्याकडे जुन्या परदेशी रायफलींचा भाव त्यांच्या गुणांपेक्षा त्यांच्या दुर्मिळतेवर ठरतो, आणि विकणारा त्यात वडिलांच्या आठवणीही मिसळतो. त्याच्याशी वाद घालू नये. दोष दाखवून, दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून आणून, तेवढी रक्कम वजा करण्याची विनंती करावी. मूळ मॅगझिन असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, त्याचे ओठ पिळलेले नाहीत ना आणि पाचही काडतुसे एकापाठोपाठ वर येतात ना हे पाहावे, आणि मालकाला घरातली कपाटे पुन्हा एकदा धुंडाळायला सांगावे. मी दुसरी रायफल नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यातून घेतली तेव्हा ब्लूइंग उडालेले होते, दस्त्यावर कुणीतरी आद्याक्षरे कोरलेली होती, पण दोन्ही टोकांचे इंच निष्कलंक होते. व्यवहार ठरल्यावर आजींनी शिवणाच्या डब्यातून बटणांच्या खाली ठेवलेले दुसरे मॅगझिन, तेलकट कापडात गुंडाळलेले, काढून दिले.